गवतातली चौथी वाट

माझी मावशी बागा करते, पण बागेत वाटा करत नाही. म्हणजे करते, पण लगेच नाही. आधी ती सगळीकडे गवत पेरते, अगदी पायरीपासून कुंपणापर्यंत, आणि मग कंबरेवर हात ठेवून वर्षभर नुसती बघत राहते. लोक येतात, जातात, रेंगाळतात. जिथून जास्त जातात तिथलं गवत आधी आडवं होतं, मग पिवळं पडतं, मग एक दिवस हार मानतं आणि खालची माती वर डोकावते. वर्ष भरलं की मावशी त्या मातीच्या पट्ट्यांवर दगडी लाद्या बसवून घेते. तिचा नियम एका ओळीचा आहे: पाय जातील तिथे लादी.

“लोकांना विचारायच्या भानगडीत पडू नये,” ती म्हणते. “विचारलं की खोटं सांगतात. मुद्दाम नाही गं. त्यांना खरंच वाटतं की आपण सरळ चालतो.”

या वेळची बाग होती नव्या ग्रंथालयाची. मी सुट्टी लागल्या लागल्या मावशीच्या हाताखाली रुजू झाले होते. पगार शून्य, पण पाइपने हवा तितका वेळ पाणी उडवायची मुभा. गवताचं वर्ष भरत आलं होतं आणि चार वाटा उमटल्या होत्या. पहिली फाटकापासून मोठ्या दारापर्यंत. ती मधेच उगाच पोट काढते, कारण तिथे झाड आहे आणि सावलीसाठी माणूस चार पावलं जास्त चालतो. दुसरी दारापासून सायकली लावतात तिथपर्यंत, तीरासारखी सरळ, कारण घरी जाताना कुणी सावली बघत नाही. तिसरी मुलांच्या खोलीपासून पाण्याच्या नळापर्यंत, नागमोडी, कारण मुलं.

आणि चौथी नळापासून मागच्या भिंतीपर्यंत. बस. भिंतीपर्यंत. तिथे ना बाक, ना झाड, ना कचऱ्याचा डबा. एक उंच जुनी भिंत आणि तिच्यावर मावशीनेच चढवलेली वेल. वाट ठुमकत तिथवर जायची आणि भिंतीला नाक लावून उभी राहायची.

शुक्रवारी लाद्या येणार होत्या. ग्रंथपाल मॅडम सोमवारी नकाशा काखेत मारून आल्या आणि चौथ्या वाटेवर उभ्या राहून म्हणाल्या, “ही काय भानगड?”

“येतात लोक फोनवर बोलायला,” मावशी म्हणाली. “फोन कानाला लागला की माणसाला भिंत लागतेच.”

“मग इथेही लादी घालणार? भिंतीवर डोकं आपटायला कुणाला लादी लागत नाही हो.”

“छे, ही काही वाट नाही. चार टाळकी टाइमपास करतात, एवढंच. गुरुवारी माती मोकळी करते आणि बी टाकते. महिन्याभरात दिसणारसुद्धा नाही.”

मी नळाशी झारी भरत होते. झारी भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. कारण तेवढ्यात भिंतीपलीकडून रोजचा तो सूर आला. एकच सूर, लांब, थोडा चढलेला, मग थोडा उतरलेला, मग पुन्हा तोच. पलीकडे एक वाद्यं दुरुस्त करणाऱ्या आजी असतात. दिवसभर व्हायोलिनच्या तारा पिळत बसतात, म्हणून आमच्याकडे त्यांना तारावाल्या आजी म्हणतात. सूर आला आणि मावशीची मान अशी एका बाजूला कलली, जशी कुणीतरी मागून पदर ओढल्यावर कलते. मॅडम बोलत होत्या. मावशी “हो, हो” म्हणत होती आणि मान पलीकडे ऐकत होती.

“भिंगरे! पाणी!” मावशी ओरडली.

भिंगरी म्हणजे मी.

आता खरं सांगते. चौथी वाट कुणाची हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ग्रंथालयातल्या झाडूवाल्या मावशींना माहीत होतं, बहुधा मांजरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त माझ्या मावशीला, जी गवताची एक काडी बघून सांगते की इथून गेलेल्या माणसाला उशीर झाला होता.

मी पाहिलं ते एका सकाळी. बागेत धुकं इतकं खाली बसलं होतं की झाडांना बुंधेच नव्हते, नुसते शेंडे हवेत ठेवल्यासारखे. गवतावर दव होतं, पांढरं, न मोडलेलं. मी फाटकात सायकलला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, आता आत पाऊल टाकलं तर सगळं पुसलं जाईल. तेवढ्यात पलीकडून तो सूर आला, धुक्यात भिजून आल्यासारखा जड. आणि नळाजवळून मावशी निघाली. हातात पाइप, पाइपमधून पाणी गळतंय, तिचं लक्ष नाही. पायात तिचे ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. ती चालत नव्हतीच, वाहत होती. भिंतीपाशी जाऊन थांबली. वेलीच्या पानांवर बोट फिरवत राहिली, एक, दोन, तीन, चार पानं, जसं तारांवर फिरवावं तसं. सूर थांबला. मावशी वळली, परत आली आणि मला बघून म्हणाली, “आलीस? कधीची शोधतेय मी पाइपची क्लिप.”

क्लिप तिच्या दातात होती.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला माझी मावशी माहीत नाही. तिला एखादी गोष्ट पटायची तर ती आधी तिची तिलाच सुचावी लागते. दुसऱ्याने सांगितली की ती त्या गोष्टीला तणासारखी उपटून फेकते, मुळासकट.

सोमवारी रात्री जेवताना मी आईला विचारलं, “मावशीला व्हायोलिन येतं?”

आईने आमटीच्या वाटीतून वर बघितलंच नाही. “वाजवायला नाही. बनवायला.”

मी चमचाच खाली ठेवला.

“तारावाल्या आजींकडे दोन वर्षं शिकली ती. लाकूड चिकटवायचा सरस उकळायचा, लाकूड कोरायचं, घोडी बसवायची. घोडी म्हणजे ती तारांखालची इवलीशी लाकडाची फळी. त्या म्हणायच्या, या पोरीच्या हाताला कान आहेत. पुढे मोठ्या कारखान्यात शिकायला पाठवणार होत्या तिला, दुसऱ्या शहरात. आणि त्याच वर्षी माझं नर्सिंगचं ठरलं. दोघींच्या बॅगा दारात. आणि आदल्या आठवड्यात तुझे आजोबा पडले, कंबर मोडली. त्यांच्या नर्सरीत एवढी रोपं. रोपं काही थांबत नाहीत गं, दोन दिवस पाणी चुकलं की माना टाकतात.”

“मग?”

“मग काय? तिने बॅग खाली ठेवली. मला वाटलं, चपलेचा पट्टा लावायला वाकली. बसमध्ये बसेपर्यंत मला कळलंच नाही.”

“रागावली नाही तुझ्यावर?”

“नाही ना! तीच तर पंचाईत. भांडली असती तर मिटलं असतं.” आई उठून उगाच भांडी हलवायला लागली. “आजोबा गेल्यावर मी म्हटलं होतं, आता जा. म्हणाली, त्या वाटेवर आता गवत उगवलंय. संपलं. गेल्या वर्षी दवाखान्याच्या बागेचं काम चालून आलं होतं, जास्त पैशांचं. ते सोडून हे ग्रंथालयाचं घेतलं. का, तर म्हणे जागा मोकळी आहे.”

त्या रात्री मी पलंगावर पडले आणि छताकडे बघत विचार केला की मावशीने बॅग उचलली असती तर आईने खाली ठेवली असती. मग आई नर्स झाली नसती, मग तिच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये घालून आलेले माझे बाबा तिला भेटले नसते, मग मी नसते. म्हणजे मावशी वाकली म्हणून मी आहे! मी उठून बसले आणि मला हसू आलं. एवढी मोठी मी, बडबड करणारी, आणि माझी सुरुवात चपलेच्या पट्ट्यापाशी.

आणि ती मावशी गुरुवारी आपल्याच वाटेवर बी टाकणार होती.

हे मी होऊ देणार नव्हते. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात ‘हजर’ म्हणायचे. यंदा नाटकात ऐनवेळी आजारी पडलेल्या प्रधानाचं काम मी केलं आणि तेव्हापासून मला कळलंय की आपण बोललो की जग कोसळत नाही. तर प्रधानाने युक्ती काढली. मावशीचा नियम काय? पाय जातील तिथे लादी. मग वाट इतकी ठळक करायची की मावशीला ती नाकारताच येणार नाही.

मंगळवारभर मी चालले. नळ ते भिंत, भिंत ते नळ. झारी घेऊन चालले, पुस्तक वाचत चालले, उलटी चालले. जेवणाच्या सुट्टीत वाचक बाहेर आले तर त्यांनाही सांगितलं, “काका, तिकडे भिंतीपाशी हवा फार छान आहे.” एक काका खरंच जाऊन आले आणि म्हणाले, “कुठे आहे हवा?”

दुपारी पाय दुखायला लागले तशी मी त्याच वाटेच्या कडेला गवतात उताणी पडले. ऊन मऊ होतं. पलीकडे सूर चालू होता, वर, खाली, वर. डोळे मिटले तसं मला दिसलं की भिंत काचेची झाली आहे आणि भिंतीच्या पलीकडून आणखी एक मावशी चालली आहे. आमच्या मावशीसारखीच, पण पायात बूट नाहीत, खांद्याला व्हायोलिनची पेटी. आमची मावशी इकडे चार पावलं टाकते, ती तिकडे चार टाकते. ही थांबली की ती थांबते. ही पानांवरून बोट फिरवते तेव्हा तिकडे काचेवर बोट फिरतं. दोघी अगदी समोरासमोर, आणि एकीलाही दुसरी दिसत नाही. मला ओरडायचं होतं, पण माझ्या तोंडात पाइपची क्लिप होती. मग वाटा जमिनीवरून सुटून हळूहळू वर यायला लागल्या, शिंप्याच्या टेपसारख्या, आणि कुणीतरी त्या शांतपणे गुंडाळून ठेवत होतं, एकेक, एकेक...

“ऊठ. गवत चिरडतेस.”

मावशी. उकिडवी बसून वाटेकडे बघत होती. बोटाने माती चाचपली. पुढे सरकली, पुन्हा चाचपली. आता म्हणेल, अरेच्चा, ही तर खरी वाट!

“टाच बाहेर पडते,” ती म्हणाली. “अंगठा दाबून. उजवा पाय डाव्यापेक्षा जोरात. छत्तीस नंबर.” आणि माझ्या पायांकडे बघून, “म्हणजे तू होतीस होय गं! वर्षभर... नाही, वर्षभर कशी असशील. सुट्ट्यांत. रविवारी. तरी म्हटलं भिंतीपाशी कोण शहाणं जातंय. अगं, नाचायचं तर गच्चीवर नाच ना!”

“मावशी, मी फक्त आज...”

“पुरे. मला कोडं पडलं होतं, ते सुटलं. उद्याच उकरते.”

ती निघून गेली, आणि जाताना शीळ घालत होती, सुटका झाल्यासारखी. मी तिथेच बसले. प्रधानाने राज्य बुडवलं होतं. खऱ्या पावलांवर मी माझी पावलं टाकून ठेवली होती, आणि आता ती वाट माझ्या नावावर जमा झाली होती.

बुधवारी मावशीने चौथी वाट दाताळ्याने उकरली, भुसभुशीत केली, वर बी पेरलं. मी मदत केली नाही. माती काळी आणि ओली दिसत होती, पाटी पुसल्यावर दिसते तशी.

गुरुवारी सकाळी गवंडीकाका आले. उद्या लाद्या येणार, म्हणून आज आखणी. त्यांनी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि तिन्ही वाटांच्या कडेने पांढरा चुना टाकला. काका माझ्याशी फार बोलतात, कारण मी फार ऐकते. मी कामात असताना ऐकत नाही असं मावशी म्हणते, ते सोडा. आखणी झाली तशी मावशीने सगळ्यांना दम भरला, “चुन्यावर पाय देईल त्याची गाठ माझ्याशी आहे. मॅडम, तुम्हालाही सांगते हं.”

“मी कशाला देते!” मॅडम म्हणाल्या.

मी पायरीवर चढून बसले, चपला काढून, पाय पोटाशी घेऊन. माझ्या नावावर आणखी काही जमा व्हायला नको होतं. काका चहा प्यायला सावलीत गेले. मॅडम नकाशाशी बोलत होत्या. मावशी नळाशी पाइप लावत होती, तिसरी वाट जिथे संपते तिथे, चुन्याच्या अगदी काठाला.

आणि पलीकडे सूर लागला.

आज तो नेहमीचा नव्हता. नेहमी एक असतो, आज एकामागून एक चार तारा जुळत गेल्या, जाडीपासून बारकीपर्यंत, मग एक छोटीशी चाल, अर्धीच, पुढचं विसरल्यासारखी तुटलेली. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथेच तुटली. मी हनुवटी गुडघ्यावर टेकली. बाग सगळी पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. कितीतरी वेळ असाच गेला असेल किंवा अजिबात गेला नसेल.

“कुणाचा गाढवपणा हा?”

मी दचकले. मावशी नळापाशी उभी होती, लालबुंद. तिसऱ्या वाटेचा चुना नळाजवळ पार विस्कटला होता. आणि तिथून काळ्या मोकळ्या मातीत, कालच पेरलेल्या बियांवरून, पांढरी पावलं गेली होती. सरळ भिंतीपर्यंत. परत नळापर्यंत. पुन्हा भिंतीपर्यंत. पुन्हा परत. स्वच्छ, ठसठशीत, टाचेपासून चवड्यापर्यंत.

“भिंगरे!”

मी पायरीवरून पायांचे दोन्ही तळवे वर करून दाखवले. अगदी गुलाबी. एक ठिपका नाही.

“मग काका...”

“मी चहा पितोय, बाई,” काका पेला उंचावून म्हणाले.

मॅडम नकाशावरून वर बघत म्हणाल्या, “अहो, मी कशाला देते!” आणि मग त्यांची नजर खाली गेली. काकांची नजर खाली गेली. माझी आधीच तिथे होती. सगळे कुठे बघताहेत म्हणून मावशीनेही खाली बघितलं.

तिचे बूट घोट्यापर्यंत पांढरे होते.

बराच वेळ ती तशीच बघत राहिली, कुणीतरी दुसऱ्याच बाईच्या पायात ते बूट असल्यासारखी. मग एक पाय उचलला आणि जवळच्या ठशात ठेवला. बसला. पुढच्या ठशात ठेवला. बसला. पलीकडे ती अर्धी चाल पुन्हा तिथेच तुटली.

“छे,” ती म्हणाली. पण ते ‘छे’ कुणालाच उद्देशून नव्हतं. मग अगदी हळू, “कधीपासून गं?”

“मी आल्यापासून तरी रोज,” मी म्हटलं. “त्याच्या आधीचं गवताला विचार.”

मावशी उपड्या बादलीवर बसली. मला वाटलं आता रडेल, पण ती हाताने बुटावरचा चुना पुसत राहिली, पुसून पसरवत राहिली. “मला वाटायचं मी वेल बघायला जाते. कीड लागलीय का ते. ही वेल तरी मीच लावली. मॅडम म्हणाल्या भिंत उघडी दिसते, झाका. म्हटलं, झाकते.” तिने वर पाहिलं. “त्या वेलीमागे दार आहे, माहितेय तुला? आम्ही याच दाराने जायचो. इथे तेव्हा रान होतं.”

मी उडीच मारली पायरीवरून. “दार आहे? आणि तू त्याच्यावर वेल चढवलीस?”

“हिरवं दिसावं म्हणून.”

“धन्य आहेस!”

“तोंड सांभाळ.” पण ती उठली होती. कातर तिच्या कंबरेला असतेच. ती चौथ्या वाटेवरून चालत गेली, आणि या वेळी प्रत्येक पाऊल बघून टाकलं, बी चुकवत, जणू ती वाट पहिल्यांदाच चालत होती. वेलीची पहिली फांदी कापली. दुसरी कापली. मी ओढून बाजूला टाकत गेले. मॅडमनी “नकाशात दार नाही” असं एकदा म्हणून बघितलं, मग नकाशा घडी घालून त्याही पानं ओढायला लागल्या. आतून लाकूड निघालं, रंग उडालेलं, आणि गंजलेली कडी.

मावशीने कडीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

“काय सांगू त्यांना?” ती म्हणाली. “इतक्या वर्षांनी. काय म्हणून आले? माझी बोटं बघ.” तिने दुसरा हात पुढे केला. खुरप्याने जाड झालेली बोटं, नखांत माती, तळव्यावर घट्टे. “याला आता कान कुठून यायचे?” आणि तिचा हात कडीवरून जरा खाली सरकला. मी पाहिलं. चपलेच्या पट्ट्यापर्यंत वाकायला जेवढं लागतं, तेवढाच.

मी नुसती तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले, खांद्याला खांदा लावून.

मागून काका म्हणाले, “बाई, पाणी मागा. पाणी मागायला कुणीही कुणाच्या दारात जातं.”

मावशीने वळून त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्यामागे धो धो वाहणाऱ्या आपल्याच नळाकडे, आणि फस्सकन हसली. हसता हसता तिने दार ठोठावलं.

सूर थांबला. खुर्ची सरकली. काठी वाजली, हळूहळू जवळ येत.

“कोण आहे? मागून काय येताय, पुढून या. मागचं दार बंद असतं.”

“बाई, मी,” मावशी म्हणाली. तिचा आवाज माझ्या वयाचा झाला होता.

एक पान सुटून खाली आलं ते मी पूर्ण बघितलं. मग आतला अडसर ओढल्याचा आवाज आला, कुरकुरत, अडत, पुन्हा ओढला जात. दार इकडे उघडेना, तिकडे उघडेना. मावशीने खांदा लावला, मी लावला, मॅडमनीसुद्धा लावला, आणि ते एकदम आत गेलं.

माझ्या स्वप्नातली दुसरी मावशी तिथे नव्हती. एक लहानखुऱ्या आजी होत्या, सरसाचे डाग पडलेला एप्रन, कपाळावर चष्मा. मागे अंधाऱ्या खोलीत व्हायोलिनं टांगलेली, पिकलेल्या फळांच्या रंगाची, आणि लाकडाच्या भुशाचा गोडसर वास. आजींनी मावशीकडे केसांपासून खाली बघायला सुरुवात केली. बघत बघत नजर बुटांवर आली आणि थांबली.

“पाय पुसून ये,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही हेच सांगून सांगून थकले मी.”

मावशीने पाय पुसले. एकदा, दोनदा, अगदी शाळेतल्या मुलीसारखे, आणि आत गेली. दार उघडंच राहिलं. मी मागोमाग गेले नाही. जावंसं वाटत होतं, सगळ्या अंगाला वाटत होतं, पण ती वाट माझ्या नावावर चुकून जमा झाली होती, ती मी तिला परत केली.

शुक्रवारी लाद्या आल्या. तीन वाटांच्याच मागवल्या होत्या, तेवढ्याच आल्या. पुढच्या खेपेला चौथीच्या मागवू, असं मॅडम म्हणाल्या. मावशी म्हणाली, नको.

“का? पाय जातील तिथे लादी ना?” मी विचारलं.

“दार उघडलं की वाट बदलते गं. लोक आता कुठून वळतात बघू. वर्षभर थांबू.”

मला वाटतं ती लोकांबद्दल बोलत नव्हती.

हल्ली दुपारी जेवणाच्या वेळेला ती पलीकडे असते. बाग सोडलेली नाही, दुपारचा डबा मात्र तिकडे खाते. आत्तापर्यंत दोन घोड्या मोडल्या तिने. मला मोजायची गरज पडत नाही, कारण घोडी मोडली की आजींचा आवाज भिंतीवरून इकडे येतो, “कुदळ आहे का तुझ्या हातात?” आणि मावशीचं हसू त्याच्या मागून. परवा आई तिच्यासाठी डबा घेऊन आली होती. दारापर्यंत गेली, आत गेली नाही, तिथेच उंबऱ्यावर बसली, चपलेचा पट्टा लावत. बराच वेळ लावत होती. मग मावशी बाहेर येऊन तिच्या शेजारी बसली आणि दोघी जोरजोरात भांडायला लागल्या. कशावरून ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दाम पाइप जोरात सोडला होता.

आज सकाळी मी लवकर आले. धुकं होतं, दव होतं, कुणीच नव्हतं. मी फाटकातून सायकल आत टाकली आणि गवतातून धावत सुटले, झाडाला एक फेरी, नळाकडे, तिथून सायकल स्टँड, भिंत, पुन्हा झाड, मधेच एक गोल नुसताच. दम लागला तेव्हा मागे वळून बघितलं. दवावर माझी पावलं होती, सगळीकडे, कोंबडीने अंगण पालथं घालावं तशी. एकही वाट म्हणता येईल अशी नव्हती.

दारातून मावशीचं डोकं बाहेर आलं. केसांत भुसा.

“भिंगरे! एका वाटेने चालता येत नाही का तुला?”

“अजून नाही!” मी ओरडले, आणि उलट्या दिशेने धावले.